पेशीवरचे रिसेप्टर, त्यांची जीन्स आणि औषधं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फार्माकॉलॉजी शिकवतो. वर्गात पोरं विचारतात ते आणि लग्नाच्या पंगतीत नातेवाईक विचारतात ते (औषधांचं शिकवतो म्हटलं की लोकांना आपण डॉक्टरच वाटतो), असे प्रश्न एकत्र करून एकदाच लिहून ठेवतोय. क्रम नीट लावलेला नाही, जसे आठवले तसे.

रिसेप्टर म्हणजे नक्की काय? कुलूप-किल्लीचं उदाहरण बारावीत वाचलंय.

कुलूप-किल्ली चालतं, पण अर्धवट आहे. किल्लीने दार उघडलं की किल्लीवाला आत येतो, इथे तसं होत नाही. मला दारावरची बेल जास्त पटते. बाहेरून कुणीतरी बटण दाबतं, आत घंटा वाजते, घरात धावपळ सुरू होते आणि बटण दाबणारा बाहेरच्या बाहेर निघून जातो. ॲड्रेनालिन अगदी हेच करतं. पेशीभोवती चरबीचा दोन थरांचा पडदा असतो, पाण्यात विरघळणारे रेणू त्यातून सहजासहजी आत जात नाहीत, म्हणून पडद्यात आरपार बसलेली प्रथिनं लागतात, त्यांचं एक टोक बाहेर आणि एक आत. बाहेर कुणी येऊन चिकटलं की प्रथिनाचा आकार जरासा बदलतो आणि तो बदल आतल्या टोकाला कळतो. बस, एवढंच. पण या एवढ्यावर अर्धं मेडिकलचं दुकान उभं आहे.

आजीला गोधडी शिवताना बघितलं असेल तर एक गोष्ट चटकन कळेल. धावदोरा घालताना सुई वरून खाली, खालून वर, परत खाली अशी जाते ना, तसा जीपीसीआर नावाच्या घराण्यातला रिसेप्टर पडद्यातून सात वेळा आरपार जातो. मोजून सात, सगळ्या घराण्यात.

सगळे रिसेप्टर पडद्यावरच असतात का?

नाही. कॉर्टिसोल, इस्ट्रोजेन वगैरे स्टिरॉइड मंडळी चरबीत विरघळतात, ती पडदा ओलांडून थेट आत जातात आणि त्यांचे रिसेप्टर मुख्यतः आतच असतात. इथे आपण पडद्यावरच्यांबद्दलच बोलू.

प्रकार किती आहेत? परीक्षेला काय लिहायचं?

परीक्षेला तीन मोठे लिहा. पहिला चॅनलवाला, रिसेप्टर म्हणजेच झडप, कुणी चिकटलं की झडप उघडते आणि सोडियम-कॅल्शियम आत घुसतं, सगळं मिलिसेकंदात. स्नायूवरचा निकोटिनिक रिसेप्टर या प्रकारचा. नाग चावल्यावर पापण्या जड होतात, मान धरवत नाही, शेवटी श्वास थांबतो ते का, तर नागाच्या विषातला एक भाग नेमका याच रिसेप्टरवर जाऊन बसतो आणि मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत पोचतच नाही. दुसरा जीपीसीआर, हा स्वतः काही करत नाही, आत जी-प्रोटीन नावाचा निरोप्या असतो त्याला पळवतो. तिसरा एन्झाइमवाला, त्याचं आतलं टोकच कामाला लागतं, उदाहरणार्थ इन्सुलिनचा रिसेप्टर.

यातलं जीपीसीआर घराणं सगळ्यात मोठं, माणसात साधारण ८०० जीन्स (जीन म्हणजे एखादं प्रथिन कसं बनवायचं याची डीएनएच्या अक्षरांत लिहिलेली कृती), आणि गंमत म्हणजे त्यातले निम्म्याच्या आसपास नुसते वास ओळखायला. आज वापरात असलेल्या औषधांपैकी साधारण एक तृतीयांश औषधं याच घराण्यावर काम करतात. सर्दीची सेटिरिझिन, बीपीची लोसार्टन, दम्याचा पंप, उलटीची काही औषधं, सगळी इथलीच.

मिरची तिखट लागते तोही रिसेप्टरच का?

हो, आणि माझा सगळ्यात आवडता. तिखट ही चवच नाही, ती वेदना आहे. टीआरपीव्ही-१ नावाचा एक चॅनल आहे, तो ४३ अंशाच्या वर तापमान गेलं की उघडतो आणि मेंदूला सांगतो की भाजतंय. मिरचीतलं कॅप्सेसिन याच चॅनलवर जाऊन बसतं, त्यामुळे ठेचा खाल्ल्यावर तोंडाला खरंच आग लागल्यासारखं वाटतं, घामही येतो, कारण शरीराला वाटतं आपण तापलोय. पाणी पिऊन फरक पडत नाही कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, दही-ताक घ्या. ठेचा कुटलेल्या हाताने डोळा चोळला की काय होतं ते वेगळं सांगायला नको, चॅनल डोळ्यातही आहेत.

हा जीन १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या लॅबने शोधला, त्याबद्दल २०२१ चं नोबेल मिळालं. आता पोपटाचं. पोपट मिरची कराकरा कसा खातो? पक्ष्यांमध्येही टीआरपीव्ही-१ असतो, उष्णता त्यालाही कळते, पण जीनमधली काही अक्षरं वेगळी असल्याने कॅप्सेसिन त्याच्यावर नीट बसतच नाही. प्रयोग कोंबडीच्या जीनवर झाला होता. झाडाचा फायदा असा की पक्षी बी न चावता लांब नेऊन टाकतो. जीनमधली थोडी अक्षरं बदलली की रिसेप्टरचं औषधाशी (इथे मिरचीशी) असलेलं नातं कसं बदलतं याचं यापेक्षा सोपं उदाहरण मला माहीत नाही.

आणि हाच रिसेप्टर औषधवाल्यांची फजिती पण दाखवतो. सगळ्यांना वाटलं हा चॅनल बंद केला की वेदना गायब, अब्जावधीचं मार्केट. औषधं तयार झाली, माणसांना दिली आणि काहींना चक्क ताप चढला, कारण शरीराचं तापमान सांभाळण्यातही या चॅनलचा हात आहे, काहींना गरम काय ते कळेना, म्हणजे चहाने तोंड भाजायची वेळ. मग उलटी युक्ती आली, चॅनल बंद करण्याऐवजी त्याला कॅप्सेसिनचा भरपूर मारा करून नसांची टोकं थकवून टाकायची. नागीण होऊन गेल्यावर महिनोन् महिने जी आग होत राहते तिच्यासाठी ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी निघाली आहे. मिरचीचाच लेप, फक्त मोजून मापून.

रिसेप्टर दिसत नव्हते तर शोधले कसे?

अंदाजाने. केंब्रिजच्या लँगलीने १९०५ मध्ये निकोटिन आणि क्युरारे (बाणाला लावायचं एक विष) यांचे स्नायूवर प्रयोग करून म्हटलं की स्नायूवर काहीतरी ग्रहण करणारा पदार्थ असला पाहिजे. पुरावा काही नाही, नुसता तर्क. मग १९४८ मध्ये अमेरिकेत रेमंड अल्क्विस्टने सांगितलं की ॲड्रेनालिनचे रिसेप्टर दोन जातींचे आहेत, अल्फा आणि बीटा. पहिल्या जर्नलने त्याचा पेपर परत पाठवला! दुसरीकडे छापून आला आणि बरीच वर्षं कुणी फारसं विचारलंही नाही. जेम्स ब्लॅकने मात्र तो मनावर घेतला. हृदयाला रक्त कमी पडत असेल तर रक्त वाढवण्यापेक्षा हृदयाची मागणीच कमी करू असा त्याचा सरळ हिशोब, त्यातून साठच्या दशकात प्रोप्रॅनोलॉल आलं, पुढे त्याच डोक्यातून ॲसिडिटीचं सिमेटिडिन, आणि १९८८ चं नोबेल.

पण तोवर रिसेप्टर म्हणजे वस्तू आहे की नुसती कल्पना यावर लोक वाद घालत होते. रॉबर्ट लेफकोविट्झच्या गटाने बीटा-२ (बीटाचीच एक पोटजात) रिसेप्टरचा जीन १९८६ मध्ये वाचला आणि सगळे चाट पडले, कारण तो डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिनसारखा दिसत होता. उजेड ओळखणारं प्रथिन आणि ॲड्रेनालिन ओळखणारं प्रथिन एकाच घराण्यातले! तिथून कळलं की हे सातटाकेवाले खूप असणार. त्याच गटातल्या ब्रायन कोबिल्काने पुढे वीसेक वर्षं चिकाटीने त्याचा स्फटिक करायचा नाद धरला, २००७ ला रचना दिसली, २०११ ला तर रिसेप्टर आणि जी-प्रोटीन एकमेकांना धरलेले असताना पकडले. २०१२ चं नोबेल दोघांना मिळालं.

दम्याचा पंप घेतला की हात का थरथरतात?

हा प्रश्न माझ्या आत्याचा. पंपाचे दोन दाब घेतले की दहा मिनिटांत चहाचा कप बशीवर वाजायला लागतो, तिला वाटायचं पंप बाधतोय आणि ती न सांगता बंद करायची. पंपातलं सालब्युटामॉल बीटा-२ रिसेप्टरवर बसतं, श्वासनलिकेचे स्नायू सैल होतात, दम मोकळा होतो. पण तेच बीटा-२ हातापायाच्या स्नायूंवर पण आहेत, औषध थोडं रक्तात जातं आणि तिथेही बेल वाजवतं. औषध चुकलेलं नाही, तेच बटण दुसऱ्या घराच्या दारावर पण बसवलंय एवढंच. स्पेसर (पंपाला जोडायचा प्लास्टिकचा पोकळ डबा) लावून घेतलं तर तोंडा-घशात कमी बसतं. तेव्हा घाबरून स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरला सांगा.

उलट बाजू जास्त महत्त्वाची. प्रोप्रॅनोलॉलसारखी जुनी बीटा-ब्लॉकर बीटा-१ (मुख्यतः हृदयावरचे) आणि बीटा-२ दोन्ही बंद करतात, म्हणजे दमेकऱ्याला ती दिली तर श्वासनलिका आवळू शकते. मायग्रेनसाठी, परीक्षेच्या धडधडीसाठी ही गोळी पोरं एकमेकांना देतात, कृपा करून देऊ नका.

बीटा-२ च्या जीनचं विचाराल तर तो पाचव्या क्रोमोसोमवर आहे, प्रथिनात ४१३ अमिनो आम्लं, आणि सोळाव्या जागी काहींना आर्जिनिन असतं तर काहींना ग्लायसिन. यावरून पंप कुणाला जास्त लागू पडेल हे सांगता येईल अशी खूप आशा होती, खूप पेपर निघाले, पण निकाल एकमेकांशी जुळेनात आणि आजही कुठला डॉक्टर हा जीन बघून पंप लिहीत नाही. जीन कळला म्हणजे औषध कळलं असं नसतं हे पोरांनी इथेच शिकून घ्यावं.

आपल्या महाराष्ट्रात या विषयात काही झालंय का, की सगळं अमेरिकेतच?

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणात लाल विंचू चावून माणसं, विशेषतः लहान पोरं, दगावायची. विंचवाचं विष नसांवरच्या सोडियम चॅनलना उघडं ठेवतं, नसा बेफाम होतात आणि रक्तात ॲड्रेनालिन-नॉरॲड्रेनालिनचा पूर येतो. या दोघांनी अल्फा रिसेप्टरची बेल वाजवली की रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय बर्फासारखे गार, अंगभर घाम, बीपी चढतं, हृदय त्या दाबाविरुद्ध ढकलून ढकलून थकतं आणि फुफ्फुसात पाणी होऊन तोंडाला गुलाबी फेस येतो. वर्णन वाचलं तरी अंगावर काटा येतो.

बावस्करांनी हे सगळं पेशंटच्या खाटेशेजारी बसून टिपलं आणि हिशोब मांडला की पूर थांबवता येत नसेल तर दरवाजा लावून घ्या. प्राझोसिन नावाची बीपीची साधी गोळी अल्फा-१ रिसेप्टर बंद करते, ती विंचूदंशाला द्यायला सुरुवात केली. आधी मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होतं ते १ टक्क्यावर आलं. नवा रेणू नाही, मोठी लॅब नाही, रिसेप्टर कुठला आणि तो कुठे बसलाय एवढं नेमकं ओळखलं. पुढे २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांची ७० पेशंटवरची ट्रायल आली, नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्राझोसिन आणि विंचवाच्या विषावरचा उतारा (अँटिव्हेनम) अशी दोन्ही दिली तर पेशंट लवकर बरा होतो असं त्यात दिसलं. २०२२ ला पद्मश्री. अजून कुणी विंचू उतरवणाऱ्याकडे नेत असेल तर आधी दवाखाना गाठा, कारण इथे तासांचा खेळ आहे.

जीन बिघडला तर रिसेप्टर बिघडतो म्हणजे नक्की काय होतं?

बिघडण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या. रिसेप्टर तयारच होत नाही, तयार होतो पण पडद्यापर्यंत पोचत नाही, पोचतो पण चिकटवून घेत नाही, किंवा चोवीस तास चालूच राहतो. एलडीएल रिसेप्टरमध्ये यातले बरेच प्रकार सापडतात म्हणून तोच घेऊ.

हा लिव्हरच्या पेशीवर बसून रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ओढून आत घेतो. जीन एकोणिसाव्या क्रोमोसोमवर. आईकडून एक प्रत आणि बापाकडून एक, त्यातली एक बिघडलेली असेल तर कोलेस्टेरॉल लहानपणापासून जास्त आणि चाळिशीच्या आसपास हार्टॲटॅकची भीती. असे लोक साधारण २५० त एक, म्हणजे तुमच्या सोसायटीत असणारच. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर कोलेस्टेरॉल ६०० ते १००० पर्यंत जातं आणि शाळेतल्या पोराला ॲटॅक येऊ शकतो. कोपरावर, टाचेमागच्या जाड शिरेवर पिवळट टणक गाठी दिसतात, चपलेने घासून झालं असेल म्हणून लोक दुर्लक्ष करतात. मामाची मुलगी करायची पद्धत काही घराण्यांत आहे, तिथे एकच बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी यायची शक्यता वाढते, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

हे कोडं ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी सोडवलं, १९८५ चं नोबेल. स्टॅटिनची गोळी पण शेवटी याच रिसेप्टरवर येते, लिव्हरमध्ये कोलेस्टेरॉल तयार होणं कमी झालं की पेशी जास्त रिसेप्टर पडद्यावर लावते आणि रक्तातून ओढून घेते.

पुढची गोष्ट तर औषध कसं शोधावं याचा धडाच आहे. २००३ मध्ये फ्रान्समधल्या काही घराण्यांत कोलेस्टेरॉल जास्त पण एलडीएल रिसेप्टर ठणठणीत असं आढळलं, दोष होता पीसीएसके-९ नावाच्या प्रथिनात, ते एलडीएल रिसेप्टरला धरून पेशीतल्या कचऱ्यात पाठवतं आणि या घराण्यांत ते जरा जास्तच कामसू होतं. मग टेक्सासमध्ये हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी उलटा प्रश्न विचारला की ज्यांच्यात हे प्रथिन कामच करत नाही असे लोक आहेत का? आहेत. काही आफ्रिकन-अमेरिकन लोकांत एक प्रत निकामी, त्यांचं एलडीएल २८ टक्के कमी आणि हृदयविकाराचं प्रमाण ८८ टक्के कमी. एक बाई तर दोन्ही प्रती निकामी असलेली सापडली, एलडीएल फक्त १४, तब्येत एकदम खणखणीत, एरोबिक्स शिकवणारी. म्हणजे निसर्गाने ट्रायल आधीच करून ठेवली होती, हे प्रथिन बंद पाडलं तर फायदा होतो आणि माणूस मरत नाही. २०१५ मध्ये ते बंद करणारी इंजेक्शनं आली. जीनपासून औषधापर्यंत बारा वर्षं, या धंद्यात हा वेग म्हणजे एक्सप्रेस गाडी.

रिसेप्टर नसलेलाच बरा, असं कधी होतं का?

होतं. एचआयव्हीला पांढऱ्या पेशीत शिरायला सीडी-४ या रिसेप्टरबरोबर अजून एका रिसेप्टरचा आधार लागतो, बहुतेक वेळा सीसीआर-५. काही युरोपियन लोकांत या जीनची ३२ अक्षरं गळालेली असतात, दोन्ही प्रती तशा असतील तर रिसेप्टर पडद्यावर येतच नाही आणि नेहमीच्या एचआयव्हीला दार सापडत नाही. १९९६ मध्ये हे कळलं, २००७ मध्ये मॅराव्हिरॉक नावाची गोळी आली जी नेमकं हेच करते. टिमोथी रे ब्राउन याला ल्युकेमियासाठी अशाच दात्याची बोनमॅरो दिली आणि त्याचा एचआयव्हीच गेला. भारतात ही गळती अगदी विरळा, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका.

दुसरं उदाहरण मलेरियाचं. व्हायवॅक्स जातीचा परजीवी लाल पेशीत शिरताना डफी नावाच्या रिसेप्टरचा आधार घेतो. पश्चिम आफ्रिकेत बहुसंख्य लोकांच्या लाल पेशींवर डफी नसतोच, त्यांचा जीन ठीक आहे पण जीन चालू करणाऱ्या बटणातलं एक अक्षर बदललंय, तेही फक्त लाल पेशींपुरतं. आपल्याकडे डफी सर्रास असतो आणि व्हायवॅक्सही.

इथे कुणीतरी हमखास विचारतं की मग बॉम्बे ब्लड ग्रुप पण रिसेप्टर का? नाही, १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधलेला तो गट लाल पेशीवरच्या साखरेच्या साखळीचा आहे.

कॅन्सरच्या रिपोर्टवर हर-टू टू-प्लस लिहिलंय, म्हणजे काय?

हर-टू हा वाढीचा निरोप देणारा रिसेप्टर, जीन सतराव्या क्रोमोसोमवर. साधारण १५ ते २० टक्के स्तनाच्या कॅन्सरमध्ये या जीनच्या दोनाऐवजी ढीगभर प्रती होतात आणि पेशीवर रिसेप्टरची गर्दी उडते. जीनमध्ये चूक काहीच नाही, फक्त झेरॉक्स जास्त निघाल्यात. लॅबमध्ये गाठीच्या पातळ कापाला रंग देतात, पडद्याभोवती गडद तपकिरी कड पूर्ण दिसली तर थ्री-प्लस म्हणजे पॉझिटिव्ह, काहीच नाही किंवा अगदी फिकट असेल तर शून्य किंवा वन-प्लस, आणि टू-प्लस म्हणजे नक्की सांगता येत नाही, मग फिश टेस्ट करून जीनच्या प्रती मोजतात. म्हणून टू-प्लस वाचून घाबरू पण नका आणि खूश पण होऊ नका, पुढची टेस्ट करा.

पॉझिटिव्ह असेल तर हर-टू वर जाऊन बसणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध, अमेरिकेत १९९८ ला मान्यता. आधी या प्रकारचा कॅन्सर सगळ्यात वाईट समजायचे, आज त्याच्यासाठी नेमकी औषधं आहेत. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर या वाढीच्याच रिसेप्टरच्या जीनचं असंच, पण तिथे अक्षरं बदललेली असतात. ईजीएफआर बंद करणारी जेफिटिनिब ही गोळी अमेरिकेत २००३ ला आली तेव्हा ती थोड्याच लोकांना जादूसारखं लागू पडायचं, का ते कळेना, २००४ ला कळलं की त्यांच्या ट्यूमरमध्ये ईजीएफआर बदललेला होता. आता गोळी आधी नाही, टेस्ट आधी.

अगोनिस्ट आणि अँटागोनिस्ट?

बेल वाजवतो तो अगोनिस्ट. बटणावर अंगठा ठेवून नुसता उभा राहतो, वाजवत नाही आणि दुसऱ्याला वाजवू देत नाही तो अँटागोनिस्ट. मॉर्फिन पहिला, मॉर्फिनचा परिणाम उतरवणारं नॅलोक्सोन दुसरा. अर्धवट वाजवणारेही असतात, ब्युप्रेनॉर्फिन तसं.

लॅबमध्ये नवीन औषध शोधतात म्हणजे दिवसभर काय करतात?

पिपेट. खरंच, पिपेटच. माणसाच्या भ्रूणाच्या किडनीपासून आलेल्या एचईके नावाच्या पेशी असतात, सत्तरच्या दशकापासून वाढवत आणलेल्या, त्यांच्यात हव्या त्या रिसेप्टरचा जीन घालतात. ३८४ खळग्यांची प्लास्टिकची प्लेट, तळहातापेक्षा थोडी मोठी, प्रत्येक खळग्यात पेशी आणि एकेक वेगळा रेणू. रिसेप्टर चालू झाला की आत कॅल्शियम वाढतं आणि रंग चमकतो, मशीन ते मोजतं. मोठ्या कंपन्यांत हे रोबो करतात, लाखो रेणू. चमकलेले सगळे खरे नसतात, काही रेणू स्वतःच चमकतात, काही गुठळ्या करून सगळ्यालाच चिकटतात. पहिल्या दिवशीचा आनंद आठवडाभरात उतरतो.

मी एम.फार्मला असताना एका जुलैत, बाहेर धो धो पाऊस, सकाळी इनक्युबेटर उघडला तर सगळ्या फ्लास्कमध्ये कापसासारखे पुंजके. बुरशी. तीन महिन्यांच्या पेशी ब्लीचमध्ये ओतल्या. गाइड फक्त एवढंच म्हणाले, दार कमी वेळा उघडत जा.

हिट, म्हणजे खरोखर रिसेप्टरवर काम करणारा रेणू, मिळाल्यावर केमिस्ट लोक त्या रेणूला इथे एक अणू लाव तिथला काढ असं करत शंभरदा बदलतात, बरोबरच्या रिसेप्टरवर बसला पाहिजे, त्याच्या चुलत भावंडांवर नको, पोटातून रक्तात गेला पाहिजे, लिव्हरने लगेच फोडायला नको. पूर्वी हे आंधळेपणाने चालायचं, आता क्रायो-ईएमने (प्रथिन गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघणं) रिसेप्टरची रचना समोर दिसते आणि अल्फाफोल्डसारखे प्रोग्रॅम अंदाजही देतात. तरी एकूण दहा-पंधरा वर्षं जातात आणि माणसांवरच्या ट्रायलपर्यंत पोचलेल्यांपैकी दहातले नऊ गळतात. ज्या टार्गेटला माणसाच्या जीनचा आधार असतो, म्हणजे पीसीएसके-९ सारखा, त्याची पास व्हायची शक्यता दुपटीहून जास्त असते.

वजनाचं इंजेक्शन पण रिसेप्टरवर का?

जीएलपी-१ रिसेप्टर, तोच सातटाकेवाला. जेवल्यावर आतडं जीएलपी-१ सोडतं, इन्सुलिन वाढतं, पोट सावकाश रिकामं होतं, मेंदूला पोट भरल्याचं कळतं. अडचण अशी की हे हार्मोन दोनेक मिनिटांत फुटून जातं. अमेरिकेतल्या गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत तसाच पण टिकाऊ रेणू सापडला, त्यातून २००५ ला पहिलं औषध. मग सेमाग्लुटाइडला चरबीची शेपटी जोडली, ती रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून राहते म्हणून आठवड्यातून एकच टोचणी. टिर्झेपाटाइड दोन रिसेप्टरवर बसतं. दोन्ही वजनासाठी २०२५ मध्ये भारतात आली आणि तेव्हापासून मला लग्नात दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही. मळमळ होते, स्नायूही घटतात, बंद केलं की वजन बऱ्याचदा परत येतं. मैत्रिणीने घेतलं म्हणून घेऊ नका.

मग सगळी जीन टेस्ट करून घेऊ का?

घरात कुणाला चाळिशी-पंचेचाळिशीत ॲटॅक आला असेल तर आधी साधं लिपिड प्रोफाइल करा, पोरांचंही. एलडीएल १९० च्या वर आलं तर मग जीनचा विचार. कॅन्सरमध्ये ऑन्कॉलॉजिस्ट सांगेल ती ट्यूमरची टेस्ट नक्की करा, तिच्यावर औषध ठरतं. बाकी थुंकी पाठवून शंभर पानांचा रंगीत रिपोर्ट येतो त्यातलं बरंच युरोपियन लोकांच्या डेटावर बेतलेलं असतं. एखादा बदल त्यांच्यात दुर्मीळ म्हणून संशयास्पद ठरतो आणि आपल्याकडे तो घरोघरी असू शकतो. जीनोम इंडिया प्रकल्पात १०,००० भारतीयांचे जीनोम वाचून झालेत, ती सुरुवात आहे.

काढे, झाडपाला हे रिसेप्टरवर काम करतात का?

काही करतात, आणि म्हणूनच जपून. महादेवाला वाहतो तो धोत्रा घ्या. त्यात ॲट्रोपिन आणि त्याची भावंडं असतात, ती मस्कॅरिनिक रिसेप्टर (ॲसिटिलकोलीन या नसांच्या निरोप्याचे रिसेप्टर) बंद करतात. धोत्र्याचं बी पोटात गेलेलं पोर तोंड कोरडं, अंग तापलेलं, बाहुल्या मोठ्या आणि असंबद्ध बडबड अशा अवस्थेत येतं.

आणि तेच ॲट्रोपिन फवारणीतून विषबाधा झालेल्या शेतकऱ्याला वाचवतं. २०१७ मध्ये यवतमाळला किती हाहाकार झाला ते सगळ्यांना आठवत असेल. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाने ॲसिटिलकोलीन फुटायचं थांबतं, ते साठत जातं, मस्कॅरिनिक रिसेप्टरची बेल सतत वाजत राहते, लाळ, घाम, बारीक बाहुल्या, छातीत पाणी. अशा वेळी ॲट्रोपिनचा ठरावीक डोस नसतोच. डॉक्टर एक डोस देतो, पाच मिनिटं थांबतो, छातीला स्टेथोस्कोप लावतो, खरखर अजून असेल तर दुप्पट देतो, परत पाच मिनिटं, परत दुप्पट, छाती कोरडी होईपर्यंत.